दाखल झालेल्या वृद्धांची फ्रेल्टी आणि स्नायूंची झीज: कोणता आकडा कधी घ्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वॉर्डातल्या ६५ वर्षांवरच्या प्रत्येक रुग्णाची दाखल होताच हाताची पकड मोजायची, बायोइम्पिडन्स मशीनवर स्नायूंचं वजन घ्यायचं आणि डिस्चार्जच्या दिवशी दोन्ही पुन्हा करायचं, अशी पद्धत तुम्ही सुरू केलीत. न्यूमोनियाने आलेल्या ८१ वर्षांच्या एका आजोबांचं स्नायूंचं वजन सहा दिवसांत दोन किलोने वाढलेलं दिसलं, पकड जवळपास तेवढीच राहिली, आणि आजोबांना मात्र आता हातांचा रेटा दिल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. यातलं खरं काय मानायचं, आणि एकच चाचणी ठेवायची तर कोणती?

खुर्ची खरी माना, म्हणजे खुर्चीतून उठता न येणं. उरलेल्या दोन आकड्यांनी तुम्हाला का चकवलं ते सविस्तर सांगते, कारण ते कळलं की कोणती चाचणी ठेवायची हे बरंचसं आपोआप ठरतं.

तुमच्या पद्धतीत दोन वेगळे प्रश्न एकाच मोजणीत मिसळले आहेत. पहिला प्रश्न: आजारी पडण्याआधी हा माणूस कसा होता? दुसरा: हॉस्पिटलमध्ये आल्यापासून तो काय गमावतोय? फ्रेल्टी, म्हणजे शरीराची हळूहळू साचलेली दुर्बलता, हा पहिल्या प्रश्नाचा विषय. ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं साचत आलेली असते आणि तापाने फणफणलेल्या, सलाईन लावलेल्या माणसाकडे आज बघून ती कळत नाही. स्नायूंची झीज हा दुसऱ्या प्रश्नाचा विषय, आणि तो बदलाचा प्रश्न असल्यामुळे तिथे एकदा घेतलेल्या मापाला फारसा अर्थ नसतो. पहिल्याचं उत्तर विचारपूस करून मिळतं, दुसऱ्याचं तीच चाचणी त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा केल्यावर.

आधी फ्रेल्टीचं बघू. वॉर्डात मी क्लिनिकल फ्रेल्टी स्केल वापरते. कॅनडात केनेथ रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००५ साली मांडलं तेव्हा त्यात ७ पायऱ्या होत्या, पुढे त्या ९ झाल्या. पायरी १ म्हणजे ठणठणीत, ९ म्हणजे आयुष्याच्या अखेरीला आलेला. सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की गुण द्यायचे ते आजच्या अवस्थेला नाही, साधारण दोन आठवड्यांपूर्वीच्या, म्हणजे हा आजार सुरू होण्याआधीच्या अवस्थेला. हा नियम पाळला नाही तर दाखल होणारा जवळजवळ प्रत्येक जण ६ किंवा ७ वर जाऊन बसतो आणि स्केल निरुपयोगी ठरतं.

आणि विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. "घरी कसे होते?" असं विचारलं की मुलगा म्हणतो, "एकदम छान, सगळं स्वतःचं स्वतः करायचे." हे उत्तर लिहून पुढे जाऊ नका. मी विचारते: गोळ्या स्वतः काढून घेतात की कोणी काढून देतं? पैशांचे व्यवहार आता कोण बघतं? शेवटचे एकटे घराबाहेर कधी पडले होते? जिना चढताना मध्ये थांबतात का? आंघोळीच्या वेळी कोणी दाराशी उभं राहतं का? या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा मुलगा गप्प होतो आणि आजी उत्तर देतात, "मी असते ना उभी, सहा महिने झाले." 'सगळं स्वतः करायचे' हे ३ वाटत होतं, ते इथे ५ किंवा ६ वर येतं. म्हणून रोज सोबत राहणाऱ्या माणसाशी बोला, दाखल करायला धावत आलेल्याशी नव्हे. या संभाषणाला पाच मिनिटं लागतात आणि वॉर्डातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा ती जास्त सांगून जातात.

स्केलच्या मर्यादाही लक्षात असू द्या. ते ६५ वर्षांखालच्यांसाठी नाही. ज्यांना लहानपणापासून किंवा बऱ्याच वर्षांपासून स्थिर अपंगत्व आहे, त्यांच्यासाठीही नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली व्यक्ती मदत घेते म्हणून ती फ्रेल ठरत नाही. स्मृतिभ्रंश असेल तर त्याची तीव्रता आणि फ्रेल्टीची पायरी साधारण जुळवून घेतात. आणि हे मला फार कळकळीने सांगायचं आहे: या आकड्याच्या आधारे कोणाचे उपचार थांबवायचे नसतात. ६ आकडा आला म्हणजे या माणसाला गोंधळ होण्याचा, पडण्याचा, अंथरुणाला खिळण्याचा धोका जास्त आहे, तेव्हा त्याच्याकडे आजपासून जास्त लक्ष द्या, एवढाच त्याचा अर्थ. आकडा कमी लक्ष देण्याचं कारण म्हणून वापरला जाणार असेल, तर तो न घेतलेला बरा.

तुम्ही कदाचित लिंडा फ्रीड यांचे २००१ सालचे पाच निकष वाचले असतील: नकळत घटलेलं वजन, थकवा, कमी पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल. घरी राहणाऱ्या वृद्धांवरच्या अभ्यासातून ते आले आणि बाह्यरुग्ण विभागात मी ते वापरतेही. पण वॉर्डात दाखल माणूस थकलेला, अशक्त, मंद आणि पडून असतोच. चार निकष तर आजारानेच भरून दिले! तिथे ते आजार आणि फ्रेल्टी वेगळे करू शकत नाहीत. आजारांच्या कोडवरून संगणकाने काढायचे फ्रेल्टीचे गुण मोठ्या आकडेवारीसाठी ठीक आहेत, खाटेशी त्यांचा उपयोग कमी.

आता तुमच्या आजोबांचे दोन किलो.

बायोइम्पिडन्स मशीन स्नायू मोजत नाही. ते शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि किती अडथळा आला ते मोजतं. पाणी आणि क्षार वीज वाहून नेतात, चरबी फारशी नेत नाही. त्या अडथळ्यावरून मशीन शरीरातलं पाणी काढतं, मग चरबी सोडून उरलेल्या भागात सुमारे ७३ टक्के पाणी असतं हे गृहीत धरून त्या भागाचं वजन काढतं, आणि तिथून पुढे एका सूत्राने स्नायू. निरोगी माणसात हे गृहीतक चालून जातं. तुमच्या आजोबांना सलाईन मिळालं, संसर्गामुळे रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर पाझरलं, पायांवर सूज आली. अडथळा कमी झाला, मशीनला पाणी जास्त दिसलं आणि ते स्नायूंच्या खात्यात जमा झालं. त्यात आणखी एक गोष्ट अशी की या मोजणीत धडाचा वाटा लहान आणि हातापायांचा मोठा असतो, कारण ते लांब आणि बारीक असतात. त्यामुळे घोट्याभोवतीची सूज आकडा भलताच फुगवते. दोन किलो स्नायू सहा दिवसांत तरण्याताठ्या खेळाडूलाही वाढवता येत नाहीत. जे वाढलं ते पाणीच.

क्ष-किरणांनी चरबी आणि चरबीविरहित भाग मोजणारा डेक्सा स्कॅनही यातून सुटत नाही, तोही पाणी चरबीविरहित भागातच धरतो. म्हणून ज्याला सूज आहे, ज्याचे द्रव वर-खाली होत आहेत, त्याच्या स्नायूंच्या वजनावर कुठल्याही यंत्राने दिलेला आकडा मी निर्णयासाठी वापरत नाही. मशीन आहेच तर ते टाकून देऊ नका. सूज उतरलेल्या, स्थिर झालेल्या रुग्णात डिस्चार्जच्या वेळी आणि नंतरच्या भेटीत वापरा. त्यातला फेज अँगल हा मूळ आकडा लिहून ठेवा, कारण तो सूत्रांमधून गेलेला नसतो. पण द्रवाचा परिणाम त्याच्यावरही होतो. पेसमेकर बसवलेल्या रुग्णात ही मोजणी टाळा.

मग पकड का हलली नाही? इथे थोडं थांबते, कारण हा मुद्दा बऱ्याच ठिकाणी निसटतो. अंथरुणात पडून राहण्याचा फटका सगळ्या स्नायूंना सारखा बसत नाही. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उभं ठेवणारे स्नायू, म्हणजे मांडीचे पुढचे, पोटऱ्यांचे, नितंबांचे, आधी आणि वेगाने झिजतात. हात पडल्यापडल्याही चालू असतात: पांघरूण ओढणं, कठडा धरणं, पेला उचलणं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं चरबीविरहित वजन जवळजवळ १ किलोने घटलं. हे निरोगी होते. ताप नाही, संसर्ग नाही, उपासमार नाही. म्हणून पकड ही दाखल होताना कोण मुळातच कमकुवत आहे हे ओळखायला उत्तम आहे, पण आठवडाभरातला ऱ्हास पकडायला ती दुबळी ठरते. तुमच्या आजोबांची पकड बहुधा खरी होती. ती पायांबद्दल काही सांगत नव्हती, इतकंच.

पकड घ्यायची तर ती नीट घ्या. मी पाहते तेव्हा निम्म्या चुका बसण्यातच असतात. रुग्ण खुर्चीत, पाय जमिनीवर टेकलेले, कोपर काटकोनात, मनगट सरळ, हात खुर्चीच्या हातावर टेकलेला. खाटेत अर्धवट आडवं असताना घेतलेला आकडा खुर्चीतल्या आकड्याशी ताडून बघू नका. दोन्ही हातांनी तीन तीन वेळा, आणि सगळ्यांत मोठा आकडा धरायचा. प्रत्येक वेळी तोंडाने जोर द्या, "दाबा, दाबा, अजून, सोडा," आणि सगळ्यांना सारख्याच आवाजात द्या, कारण प्रोत्साहनाने आकडा बदलतो. ज्या हाताला सलाईनची सुई आहे तो सोडा आणि तसं लिहा. संधिवाताने बोटं वाकडी असतील तर कमी आकड्याचा अर्थ स्नायूंशी जोडू नका. गोंधळलेला, गुंगीत असलेला रुग्ण सूचना पाळू शकत नाही, म्हणून आधी ४एटी ही छोटी चाचणी करून डिलिरियम (आजारपणात अचानक आलेला गोंधळ) नाही ना हे बघा; असेल तर पकड पुढे ढकला.

कमी कशाला म्हणायचं? सार्कोपेनिया, म्हणजे स्नायूंची झीज आणि कमी ताकद, यावरच्या युरोपीय कार्यगटाच्या सुधारित निकषांत पुरुषांसाठी २७ किलोखाली आणि स्त्रियांसाठी १६ किलोखाली. आशियाई कार्यगटाच्या २०१९च्या निकषांत २८ आणि १८. युरोपीय गटाने आता स्नायूंच्या वजनापेक्षा ताकदीला पुढचं स्थान दिलं आहे, आणि वॉर्डातला अनुभवही तेच सांगतो. कोणतेही निकष निवडा, पण एकच धरा आणि ते कागदावर लिहा. एका रुग्णाला दाखल होताना एका निकषाने आणि जाताना दुसऱ्याने मोजलं, तर कागदावर त्याला आजार झाला किंवा बरा झाला असं दिसेल आणि शरीरात काहीच बदललेलं नसेल.

तर मग बदल मोजायला काय? पाच वेळा खुर्चीतून उठणं आणि चार मीटर चालणं. हात छातीवर घडी करून, भिंतीला टेकलेल्या, हात नसलेल्या खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात. युरोपीय निकषांत १५ सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे कमी ताकद, आशियाई निकषांत १२ किंवा जास्त म्हणजे कमी शारीरिक क्षमता. त्याला चाल आणि तोल जोडला की १२ गुणांची एसपीपीबी चाचणी होते. तिच्यात १ गुणाचा फरकही रुग्णाच्या दृष्टीने खरा असतो.

अडचण अशी की दाखल झालेल्या फार जणांना एकदाही तसं उठता येत नाही. तिथे 'जमलं नाही' एवढं लिहून सोडू नका, कारण 'जमलं नाही'च्या आतही पुष्कळ पायऱ्या आहेत. हातांचा रेटा देऊन उठले? एका माणसाच्या आधाराने? दोघांच्या? खाट उंच केल्यावर? खाटेच्या कडेला आधाराशिवाय बसू शकले का आणि किती वेळ? मंगळवारी दोघांच्या आधाराने आणि शुक्रवारी एकाच्या, ही प्रगती आहे आणि ती नोंदीत दिसली पाहिजे. अशा रुग्णांसाठी मला डेमी ही मोजणी फार उपयोगी वाटते. ऑस्ट्रेलियात हॉस्पिटलमधल्या वृद्धांसाठीच ती तयार झाली. १५ कृती, ० ते १०० गुण, सुरुवात खाटेत कूस बदलण्यापासून आणि शेवट तोल सांभाळण्याच्या अवघड कृतींपर्यंत. अगदी अंथरुणाला खिळलेलाही शून्यावर अडकून राहत नाही.

जो रुग्ण सूचनाच पाळू शकत नाही, अतिदक्षता विभागात आहे, त्याच्यासाठी अल्ट्रासाउंडने मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी किंवा छेदाचं क्षेत्रफळ मोजता येतं. २०१३ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचं हे क्षेत्रफळ १० दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. पण प्रोबचा थोडासा दाब स्नायू चपटा करतो, म्हणून जेल भरपूर, दाब जवळजवळ नाही, गुडघा दर वेळी तसाच सरळ, त्वचेवर मार्करने खूण आणि शक्यतो तोच मोजणारा. हे सांभाळता येणार नसेल तर नको. पोटाचा सीटी स्कॅन दुसऱ्या कारणाने झालेला असेल तर तिसऱ्या कंबरमणक्याच्या पातळीवर स्नायूंचं क्षेत्रफळ काढता येतं, मात्र त्यासाठी मुद्दाम स्कॅन करू नये. पोटरीचा घेर टेपने एका मिनिटात होतो. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरखाली संशय घ्यावा, सूज नसेल तरच.

दोन रक्ततपासण्यांबद्दल सावध करते. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी आलं म्हणून स्नायू किंवा पोषण कमी असं समजू नका; संसर्गात ते काही दिवसांतच खाली येतं. आणि क्रिएटिनिन हे स्नायूंतून येतं. तीन आठवडे पडून असलेल्या आजींचं क्रिएटिनिन १.१ वरून ०.६ झालं, तर किडनी सुधारली असेलच असं नाही, स्नायू झिजले असतील. त्या आकड्यावरून काढलेली किडनीची क्षमता फुगलेली असते आणि त्यावर ठरवलेला औषधाचा डोस जास्त होऊ शकतो. ज्या औषधांत डोसची चूक महागात पडते तिथे सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करून घ्या. त्यावरही शरीरातला दाह, स्टिरॉइड आणि थायरॉइडचा परिणाम होतो, पण स्नायूंचा फारसा नाही. स्नायूंची झीज मोजण्याचा इतका थेट, आजच्या आज लागणारा उपयोग दुसरा क्वचितच असेल.

तुमच्या वॉर्डासाठी मी क्रम असा लावीन. पहिल्या २४ तासांत फक्त विचारपूस: दोन आठवड्यांपूर्वीची फ्रेल्टीची पायरी, गेल्या वर्षातलं घटलेलं वजन, पडण्याच्या घटना, शिवाय ४एटी आणि सूज आहे की नाही या नोंदीसह वजन. ताप उतरून रुग्ण बसू लागला की, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पकड एकदा आणि एसपीपीबी किंवा डेमी. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी फक्त हालचालींची चाचणी, तीच खुर्ची, शक्यतो तीच वेळ. एकच ठेवायची असं तुमचं म्हणणं असेल, तर दाखल होताना फ्रेल्टी स्केल आणि पुढे खुर्ची. यापेक्षा खाली मी येणार नाही, कारण एक चाचणी दोन्ही प्रश्नांना पुरत नाही.

आकडा घसरला तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर मोजणं हा रुग्णाला दिलेला नुसता त्रास आहे. हॉस्पिटलमध्ये वृद्ध माणूस दिवसाचा बहुतेक वेळ आडवा असतो. हालचाल नोंदणारी उपकरणं लावून केलेल्या एका अभ्यासात तो वेळ सुमारे ८३ टक्के निघाला, आणि त्यातले सगळे जण आधी चालू शकणारे होते. याउलट स्पेनमध्ये पाम्प्लोना इथे सरासरी ८७ वर्षांच्या ३७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दिवसातून दोनदा थोडा वेळ ताकदीचा, तोलाचा आणि चालण्याचा व्यायाम दिलेल्या गटाचे एसपीपीबीचे गुण नेहमीच्या उपचारांपेक्षा २.२ ने जास्त सुधारले. ८७ वर्षांच्या माणसांत, तेही तीव्र आजारात! तेव्हा घसरण दिसली की त्याच दिवशी फिजिओथेरपी वाढवा, गरज संपलेला लघवीचा कॅथेटर आणि सलाईन काढा, गुंगी आणणारी औषधं तपासा, प्रथिनं आजारी वृद्धासाठी दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत न्या. डायलिसिसवर नसलेला गंभीर किडनीचा आजार असेल तर हा आकडा आहारतज्ज्ञ आणि किडनीतज्ज्ञांशी बोलून ठरवा.

तुमच्या वॉर्डात खुब्याच्या फ्रॅक्चरचे रुग्ण जास्त असतील तर यातलं थोडं बदलेल. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस खुर्ची आणि चाल दुखण्यामुळे कमी येतात, स्नायूंमुळे नाही, म्हणून वेदनाशामक दिल्यावर काही वेळाने मोजा आणि दुखण्याचे गुण शेजारी लिहा. त्या रुग्णांत दाखल होतानाच्या पकडीला मी जास्त वजन देते, कारण पायांबद्दल काही विचारण्याची सोय तेव्हा नसते.